पळसापलीकडचं तांबं

"अंगठी काढ."

तिजारेबाई माझ्याशी बोलल्या ते हे पहिले शब्द. मी नुकताच जीपमधून उतरलो होतो, वळकटी खाली ठेवून नमस्कारासाठी हात जोडले होते, आणि बाईंचं लक्ष नेमकं त्या जोडलेल्या हातांवर गेलं.

"मॅडम, ही आईनं दिलेली..."

"तांब्याची आहे ना?"

"हो."

"मग काढ. आईची माया तुझ्यापाशी असू दे, माझ्या मातीत नको. आपण इथं जमिनीतलं तांबं शोधून राहिलो. तू अंगठीच्या हातानं माती उचलशील, प्रयोगशाळा तुझ्या अंगठीचं तांबं मोजेल, आणि सरकार तुझ्या बोटात खाण खणेल."

आजूबाजूच्या मजूर बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी निमूटपणे अंगठी काढून बाईंनी पुढे केलेल्या प्लास्टिकच्या डब्यात टाकली. डब्यात आधीच दोन घड्याळं, एक कडं आणि कुणाचे तरी गोठ होते. बाईंचे स्वतःचे हात, कान, गळा सगळं मोकळं. खुरपीसुद्धा लाकडाची, चाळणी नायलॉनची. इतकं सोवळं मी आमच्या आजोळच्या देवघरातही पाहिलं नव्हतं.

ही गोष्ट चाळीसेक वर्षांपूर्वीची. मी खात्यात नवा, बिनमिशीचा भूशास्त्रज्ञ. रामटेकच्या पुढे, जंगलाच्या कडेला पिंपळडोह नावाचं गाव होतं. तिथं तांबं असावं असा अंदाज होता, पण नेमकं कुठं ते कुणाला ठाऊक नव्हतं. ते शोधायला आमच्या खात्याच्या दोन शाखा हिवाळाभर तळ ठोकून बसल्या होत्या. गावाच्या पश्चिमेला सपाटीवर भूरसायन शाखा, म्हणजे तिजारेबाई. त्या ठराविक अंतरावर खड्डे घेऊन मातीचे नमुने जमवत आणि त्यांत तांबं किती ते तपासत. गावाच्या पूर्वेला टेकडीवर भूभौतिक शाखा, म्हणजे आमचे खानझोडेसाहेब. ते जमिनीत लोखंडी सळ्या ठोकत, त्यांवर मिठाचं पाणी ओतत, जनरेटर लावून आत वीज सोडत. वीज बंद केल्यावर जमिनीनं ती क्षणभर धरून ठेवली, की खाली धातू असण्याचा संभव.

दोघांचं सख्य विळ्या-भोपळ्याचं. साहेब म्हणत, "माती चाळायला शाळा कशाला शिकायची? आमच्या घरी मोलकरीण चाळते गहू." बाईंपर्यंत ते पोचलं की बाई म्हणत, "त्यांच्या विजेला तांबं नि शिसपेन्सिलीतलं ग्रॅफाइट सारखंच दिसतं. त्यांना म्हणा, खाण नाही निघाली तर पेन्सिलींचा कारखाना टाका."

एरवी ही थट्टा थट्टेवारी गेली असती. पण त्या वर्षी संचालकांनी दोन्ही शाखांना बजावून ठेवलं होतं. ड्रिलिंगचं मशीन एकच मिळणार आणि ते एकाच जागी लागणार. ज्या शाखेची जागा निवडली जाईल ती शाखा राहील, दुसरी गुंडाळायची. साहेबांना त्याची फारशी झळ नव्हती. त्यांचं यंत्र परदेशी होतं आणि त्यांना कुठेही मागणी होती. बाईंचं तसं नव्हतं. नागपूरला ऑफिसच्या मागच्या मोडक्या गॅरेजमध्ये त्यांनी एकटीच्या जिवावर प्रयोगशाळा उभी केली होती. रोजंदारीवरच्या मुलींना हाताशी धरून त्यांना रसायनशास्त्र शिकवलं होतं. शाखा गेली की गॅरेजमध्ये पुन्हा जीप लागणार आणि त्या मुली घरी जाणार. बाईंचा संसार म्हणाल तर तेवढाच होता.

आणि मी साहेबांच्या शाखेतला असून मला त्यांनी बाईंकडे कशाला धाडलं होतं? "मदतीला," असं ऑर्डरीत होतं. तोंडी सांगितलं ते असं : "भास्कर, तिथं राहा, डोळे उघडे ठेव. बाईच्या कामात खोट कुठं आहे ते मला पाहिजे."

बाईंना हे पहिल्याच दिवशी कळलं असावं. संध्याकाळी जेवताना त्या म्हणाल्या, "दुरुगकर, तुला हेरगिरीला पाठवलं ना? चांगलं झालं. हेराला सगळं दिसलं पाहिजे. उद्यापासून तूच खड्डे घ्यायचे, तूच चाळायचं, तूच पाकिटावर नंबर टाकायचे. मग खोट सापडली तर सांग, ती तुझीच असेल."

मी खोट शोधायला गेलो आणि थक्क होत राहिलो. एखाद्या खड्ड्याजवळ गुरांचा गोठा असला तर बाई तो खड्डा सोडून देत. तारेचं कुंपण दिसलं की दूर सरकत. पहिल्यांदा नमुना नीट आला नाही असं वाटलं तर तापल्या उन्हात परत त्याच जागी जात. संध्याकाळी तंबूत काचेच्या नळ्या मांडून त्या मातीची परीक्षा करत. नळीतला द्रव हिरवा असायचा, मातीत तांबं असलं की तो जांभळट लाल व्हायचा. रंग बदलला तरी त्यांचा चेहरा बदलत नसे. "एका नळीवर नाचायचं नसतं," एवढंच म्हणत.

त्यांच्या कामाच्या पट्ट्यात एक गंमत होती. सपाटीवर एका ठिकाणी दोन पळस जोडीनं उभे होते. तिथं पोचलं की मजूर बायका वहाणा काढून पळसाखाली ठेवत आणि पुढे अनवाणी जात. पुढे होती नुसती झुडपं, रुई, बोरी आणि काटेच काटे. बाईंनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, "देव आहे का गं इथं?" कुणी म्हणालं, "असंल बाई. इथं वहाणा नाही नेत." बाईंनी आपल्याही चपला काढून पळसाखाली ठेवल्या. मग मला बूट घालून जायची काय बिशाद! रोज संध्याकाळी मी तंबूत बसून पायातले काटे मोजत असे.

पण त्या काट्यांचं चीज झालं. पळसाच्या अलीकडच्या मातीत नळ्या हिरव्याच राहत आणि पलीकडे गेलं की लालबुंद. नागपूरच्या प्रयोगशाळेतून आलेले आकडेही तेच सांगत होते. बाईंनी नकाशावर ते आकडे भरून रेषा काढल्या, तेव्हा मधोमध एक मोठा लाल डाग उमटला. नुसता डाग नव्हे, त्याची एक कड पट्टीनं आखल्यासारखी सरळ होती.

"भ्रंश!" मी ओरडलो. जमीन फाटून सरकली की अशी सरळ रेघ पडते, आणि तांबं तर अशा फटीच्या कडेनंच बसतं, हे आम्ही पुस्तकात घोकलेलं. म्हणजे दुधात साखर.

बाईंनी त्या सरळ कडेवरून एकदा बोट फिरवलं. मग त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, आणि पहिल्यांदाच मी त्यांना मनापासून हसताना पाहिलं. "मुलींना तार करते," त्या म्हणाल्या. "बिचाऱ्या जीव टांगून बसल्या असतील."

मला आनंद झाला. मी माणूस खानझोडेसाहेबांचा, पण तोवर मनानं केव्हाच बाईंच्या गोटात गेलो होतो.

संचालक यायला दोन दिवस उरले होते. शेवटचे थोडे नमुने घ्यायला आम्ही पळसापलीकडे गेलो आणि बाईंच्या टाचेत बोरीचा काटा चांगलाच रुतला. त्या खाली बसल्या. गिरजाबाई नावाची एक वयस्क मजूर बाई होती, तिनं त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि दुसऱ्या काट्यानं तो काटा कोरू लागली.

"माही सासू असती तं म्हणाली असती, वेलीनं धरलं तुमाले," ती हसत म्हणाली.

"कुठली वेल?"

"पानाची ना बाई. इथं आमचा पानमळा व्हता. मी लग्न होऊन आली तवा हिरवागार व्हता. मंग विहीर आटली, वेली मेल्या, सासरा बी गेला. आता पाहा, रान झालं."

"म्हणून वहाणा काढता होय?"

"पानमळ्यात कोणी वहाणा घालून जाते का? नागवेल असते ते. मळा गेला, पण पाय आयकत नाही."

मला ते फार गोड वाटलं. मी आता घरी पत्रात हे लिहायचं असं मनाशी ठरवत होतो, तेवढ्यात बाईंकडे लक्ष गेलं. त्यांनी पाय मागे घेतला होता. काटा अजून आतच होता.

"गिरजाबाई," त्या अगदी सावकाश म्हणाल्या, "वेलीला मर लागते. मर लागली की तुमचे सासरे काय टाकायचे?"

"मोरचूद नि चुना. निळं निळं पानी करून मुळाशी ओतत. सासऱ्याचे हात निळेच राहत बारा महिने."

मोरचूद. म्हणजे तांब्याचंच मीठ. आम्ही मातीला अंगठी लागू देत नव्हतो, आणि त्या मातीनं वर्षानुवर्षं तांबंच पिऊन घेतलं होतं.

तरी मी चाचरत म्हणालो, "मॅडम, पण आपण वरची माती घेतच नाही. हातभर खोलची घेतो."

बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "आणि वरून नवी माती टाकायचात का?"

"दर साली. तळ्याचा गाळ आणून टाकत. त्याच्याबिगर वेल नाही धरत."

म्हणजे हातभर खोलची माती हीसुद्धा माणसांनीच आणून टाकलेली होती. म्हणूनच खुरपी इतकी अलगद आत जायची आणि आम्ही खूश व्हायचो.

बाई उठल्या. "मळ्याची हद्द कुठवर होती, दाखवता?"

गिरजाबाई पुढे निघाली, मागून लंगडत बाई, त्यांच्यामागे नकाशा उलगडून मी. गिरजाबाई झुडपांतून न अडखळता सरळ चालत गेली आणि एका जागी काटकोनात वळली. मी नकाशावर बोट ठेवून चाललो होतो. माझं बोट त्या सरळ कडेवरून जरासुद्धा ढळलं नाही. आम्ही ज्याला भ्रंश म्हणत होतो ते मळ्याचं कुंपण होतं.

बाई कोपऱ्यावर थांबल्या. मला वाटलं रडतील. मलाच रडू येत होतं. पण त्या म्हणाल्या, "दुरुगकर, तुला ज्या कामाला पाठवलं ते झालं बघ. खोट सापडली. जा, तुझ्या साहेबांना सांगून ये."

"मी नाही जाणार," मी म्हणालो.

"काऊन? नोकरी नको?"

"मॅडम, कुणाला कळणार नाही. आणि खाली खरंच तांबं असूही शकतं. मळ्याखाली खाण असू नये असा काही नियम आहे का?"

"हे मात्र बरोबर बोललास." त्या एकदम ताठ झाल्या. "असू शकतं. मातीला ते सांगता येत नाही आता. सांगता येईल ते विजेला. चल, मीही येते. त्यांच्याकडे चहा बरा असतो म्हणतात."

टेकडीखालच्या तंबूत खानझोडेसाहेब दाढी करत होते. बाईंना दारात पाहून त्यांचा वस्तरा गालावरच थांबला. हिवाळाभरात दोघांनी एकमेकांचा उंबरठा ओलांडला नव्हता.

बाईंनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. साहेब अर्ध्या गालावर फेस घेऊन ऐकत राहिले.

"तर उद्या तुमचं यंत्र माझ्या लाल डागावरून एकदा फिरवा," बाई म्हणाल्या. "खाली काही असेल तर कळेल."

"आणि नसेल तर?"

"तर नसेल."

"बाई, तुम्हाला समजून राहिलं ना काय म्हणता ते? परवा संचालक येणार आहेत."

"समजतं. म्हणून तर उद्या म्हणते. आणि त्याच्या बदल्यात एक करू द्या. तुमचा माणूस तारा ओढेल तोवर मी तुमच्या टेकडीवरची माती घेते. तिथं कधी कुणी मळा केलेला नाही. खडकावरचीच पातळ माती आहे, ती खोटं बोलणार नाही."

साहेबांनी उरलेली दाढी केली, तोंड पुसलं आणि म्हणाले, "घ्या. पण अंगठ्या काढायला लावाल तर माझी माणसं ऐकायची नाहीत." हे ते हसत म्हणाले, की हसू लपवत, ते मला अजून सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी काम उलटंपालटं झालं. बाईंच्या पळसापलीकडे साहेबांच्या सळ्या ठोकल्या गेल्या आणि साहेबांच्या टेकडीवर बाईंची लाकडी खुरपी फिरली. साहेबांनी एकदा मोजलं, सळ्या सरकवून पुन्हा मोजलं, मिठाचं पाणी जास्त ओतून तिसऱ्यांदा मोजलं. त्यांना बाईंचा पराभव हवा होता, हे मला ठाऊक होतं. तरीही ते ज्या निगुतीनं पुन्हापुन्हा मोजत होते, ते पाहून मी त्यांच्याही पाया पडलो असतो. जमीन वीज धरत नव्हती. सुटली की गेली. खाली काहीच नव्हतं.

"बाई, सपाट आहे," संध्याकाळी त्यांनी येऊन सांगितलं. आवाजात विजय नव्हता.

बाईंनी मान हलवली. त्यांच्यापुढे टेकडीच्या मातीच्या नळ्या मांडलेल्या होत्या. एकूण एक हिरव्या. शेजारी टेकडीवरचा एक काळसर खडा पडला होता. बाईंनी तो उचलून कोऱ्या कागदावर ओढला. काळी, मऊ, चकाकती रेघ उठली. साहेबांच्या विजेला हिवाळाभर जे चकवत होतं ते ग्रॅफाइट.

साहेबांनी ती रेघ बोटानं पुसून पाहिली. "टेकडीवर सगळीकडे असंच असेल असं नाही," ते म्हणाले.

"नसेलही."

"उद्या संचालकांपुढे तुम्ही हे..."

"छे," बाई नळ्या धुवायला घेत म्हणाल्या. "माझ्या मातीचं मी सांगेन. तुमच्या टेकडीचं तुम्ही सांगा."

संचालक आले तेच खुशीत. लाल डागाची बातमी त्यांच्या कानावर गेलेली होती. तंबूत खुर्च्या मांडल्या होत्या, चहा झाला, आणि ते म्हणाले, "तिजारेबाई, अभिनंदन! मशीन कुठं लावायचं ते दाखवा."

बाई उभ्या राहिल्या. "साहेब, मशीन माझ्याकडे लावू नका. तिथलं तांबं पानमळ्याचं आहे." आणि वहाणांपासून मोरचुदापर्यंत सगळं त्यांनी न थांबता, न रंगवता सांगितलं. स्वतःच्या हातानं केलेल्या कामावर स्वतःच रेघ मारताना त्यांचा आवाज जसाच्या तसा होता. मला तेव्हा कुणी विचारलं असतं, तुला कसं व्हायचंय, तर मी बोट दाखवलं असतं.

संचालकांचा चेहरा उतरला. "मग हे हिवाळाभर..." ते थांबले. "ठीक आहे. म्हणजे टेकडी. खानझोडे, तुमची जागा पक्की ना? आणि बाई, नियम तुम्हाला माहीत आहे. तुमची शाखा..."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. आता बोलतील, मग बोलतील. त्या नळ्यांचा एक शब्द काढला असता तर टेकडी तिथंच कोसळली असती. दोन्ही जागा वाया गेल्या म्हटल्यावर निदान एकट्या त्यांचीच शाखा तरी गेली नसती. ज्या बाईंच्या तोंडात एरवी तीळ भिजत नसे, त्या हात मांडीवर ठेवून शांत बसल्या होत्या. साहेबांकडे पाहतही नव्हत्या. ओठावर आलेलं मी दातांनी दाबून धरलं, कारण बाईंच्या आधी बोलायचा मला हक्क नव्हता.

संचालकांनी पेनाचं टोपण काढलं.

"साहेब, थांबा." खानझोडेसाहेबांनी घसा खाकरला. "टेकडीवरही लावू नका. खाली ग्रॅफाइट आहे. बाईंनी माती तपासली, तांब्याचा मागमूस नाही. मी चुकलो."

संचालक एकदा साहेबांकडे, एकदा बाईंकडे पाहत राहिले. "म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून मला काय दिलंत?"

"दोन वाया जाणारे बोअर वाचवले, साहेब," बाई म्हणाल्या.

संचालक चिडले असावेत, पण हसले. माणूस रागीट होता, खोटा नव्हता. मशीन दुसऱ्या जिल्ह्यात पाठवतो म्हणाले. मग म्हणाले, "मला एकच शाखा परवडते. दोन्हींची मिळून एक करा. आता भांडत बसू नका, प्रमुख कोण तेवढं सांगा."

"बाई," खानझोडेसाहेब म्हणाले. "त्या माझ्याआधी बोलल्या."

अशी ती प्रयोगशाळा वाचली. गॅरेजमध्ये जीप कधीच लागली नाही, आणि पुढे बाईंनी शिकवलेल्या मुलींतल्या एकीनं ती चालवली. मी नोकरी संपेपर्यंत त्याच शाखेत राहिलो. पिंपळडोहला तांबं काही सापडलं नाही. अजूनही सापडलेलं नाही.

त्या दिवशी संचालकांची जीप गेल्यावर मी साहेबांच्या मागोमाग पळसापर्यंत गेलो. ते तिथं राहिलेल्या सळ्या गोळा करत होते. मला राहवलं नाही.

"सर, एक विचारू? बाई तर तुमच्या टेकडीबद्दल बोलणार नव्हत्याच. मग तुम्ही का बोललात?"

साहेबांनी सळ्यांची मोळी खांद्यावर घेतली. मग ती पुन्हा खाली ठेवली.

"त्या बोलल्या असत्या ना भास्कर, तर मी भांडलो असतो. हजार शंका काढल्या असत्या, त्यांना खोटं पाडलं असतं, आणि मशीन टेकडीवर चढवलं असतं. मला ते जमलं असतं." त्यांनी बाईंच्या तंबूकडे पाहिलं. तंबूच्या दारात बाई गिरजाबाईकडून टाचेतला काटा काढून घेत बसल्या होत्या. "पण गप्प बसलेल्या माणसाशी कसं भांडायचं, ते तू सांग."